हमीदाआपांचा माळा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हमीदाआपांचं नाव घेतो. आईवडिलांना मी त्यात धरत नाही. आपण केलं त्याला मुलानं उपकार म्हणावं, हे त्यांना रुचणार नाही. आपा माझ्या नात्याच्या नव्हत्या, गावच्याही नव्हत्या. धाराशिवला कॉलेजात शिकताना मी ज्यांच्या माळ्यावर राहिलो, त्या घरमालकीण. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ती पदवी माझ्या नावावर असली, तरी निम्मी त्यांनी खालच्या खोलीत बसून मिळवलेली आहे.

पहिल्यांदा मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा खोली शोधून थकलो होतो. नाव सांगितलं की आडनाव विचारायचे, आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. आपा उंबऱ्यावर बसून सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. पती वारलेले, मूलबाळ नव्हतं. त्यांनी मान वर करून मला पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घोरतोस का?"

"नाही."

"अजिबात?"

"नाही आपा. मी एकदम शांत झोपतो."

"मंग कशाला येतोस बाबा? वर माणूस हाय का उंदीर, मला कसं कळावं?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी सूप बाजूला ठेवून अटी सांगितल्या. माळ्यावर चालताना पाय वाजले पाहिजेत. अभ्यास तोंडानं करायचा, मनात नाही. खोकला आला तर दाबायचा नाही. बाहेरून आल्यावर आवाज द्यायचा, जाताना आवाज द्यायचा. "चोरासारखं येणं-जाणं मला चालायचं न्हाय," त्या म्हणाल्या. माझं आडनाव त्यांनी कधीच विचारलं नाही. पुढं पोस्टमननं माझ्या नावाचं टपाल आणलं तेव्हा त्यांना ते कळलं असावं.

ती इमारत म्हणजे निजामाच्या काळातलं धान्याचं गोदाम. खाली जाड दगडी भिंती, वर सागवानी तुळयांवर फळ्या ठोकून केलेला माळा आणि त्यावर पत्र्याचं छप्पर. पूर्वी पोती वर ओढून घ्यायची, त्यासाठी माळ्याच्या मधोमध चौकोनी तोंड ठेवलेलं आणि त्याच्यावर तुळईला लोखंडी कप्पी टांगलेली. वाटण्यांमध्ये गोदामाचे दोन भाग झाले. एका भागात आपा राहायच्या. दुसऱ्या भागात रुक्मिणमावशींची पिठाची गिरणी होती, मधे एकच भिंत. माळ्यावर जायला लाकडाची सुटी शिडी, फरशीवर टेकवलेली. आमचं गाव सास्तूरकडचं. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडी घरं पडली, तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसांना दगडाखाली झोप येत नाही. आई खोली पाहायला आली तेव्हा तिनं फक्त वर पाहिलं. "डोक्यावर दगूड न्हाय ना?" तिनं विचारलं. आपा म्हणाल्या, "पत्रा हाय बाई. पडला तरी पोरगं उठून बसंल." दोघी हसल्या आणि माझी खोली ठरली.

मी मोठ्यानं वाचू लागलो. सुरुवातीला लाज वाटायची. संध्याकाळी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडून मी मागणी आणि पुरवठा म्हणत बसायचो आणि खाली आपा भाकरी थापायच्या. माझा आवाज थांबला की खालून काठीनं फळीवर ठोका यायचा. "झोपलास व्हय रे?" झोपलोच असलो तर दचकून पुन्हा सुरू करायचो. एखादा उतारा न समजता घाईत म्हटला तर त्यांना कळायचं. म्हणायच्या, "ते मघाचं पुन्हा म्हण. नुस्तं पळालास त्यातनं." त्यांना अक्षरओळख उर्दूची, तीही थोडी, मराठी वाचता येत नव्हतं. पण माणूस समजून बोलतोय की नुसता बोलतोय, हे ओळखायला वाचता यावं लागत नाही. एकदा दारावर भाजीवाली आली तर आपा तिला म्हणाल्या, "आज मेथीचा पुरवठा लई हाय, भाव उतर." भाजीवालीनं विचारलं, "कोण म्हणतं?" आपांनी बोट वर केलं. भाजीवालीला वाटलं, अल्लाचं नाव घेतलं. ती गुमान भाव उतरवून गेली.

त्यांच्या बोलण्यात आवाज हा शब्द सारखा यायचा. माझं कुणाशी भांडण झालं आणि मी बोलणं टाकलं, तर म्हणायच्या, "शिव्या दे पण आवाज बंद करू नको. आवाज बंद, म्हणजे दार बंद." फोनवर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. "फोनवर माणूस 'बरं हाय' म्हणायलाच उचलतंय. खरं काय ते चिठ्ठीत लिहितंय, न्हाय तर समोर बसून सांगतंय." म्हणून मी सुट्टीत गावी गेलो की त्यांना पत्र लिहायचो. कुणाकडून तरी त्या वाचून घ्यायच्या.

निकाल लागला त्या दिवशी मी पळत घरी आलो. आपांनी ऐकलं, माझ्या तोंडात साखर घातली. मग म्हणाल्या, "म्हंजी आता तू मोठ्यानं वाचणार न्हाईस."

मला ईट नावाच्या गावी शाळेत नोकरी लागली. लग्न झालं, तिकडंच बिऱ्हाड केलं. आपांकडं माझ्यानंतर दोघं-तिघं विद्यार्थी राहिले, मग कुणी येईना. शहरात नव्या इमारती झाल्या, फरशीच्या खोल्या, आत नळ. सुट्या शिडीनं चढून पत्र्याखाली कोण राहील? तरी आपा रोज सकाळी त्या शिडीवरून वर जात, खिडकी उघडत, झाडून घेत आणि उतरत. मी एकदा म्हणालो, "आपा, आता या वयात कशाला चढता? बंद करून टाका माळा." त्यांना राग आला. "डोक्यावर बंद खोली घेऊन मी झोपायची न्हाय. कबरीत झोपायचंच हाय की पुढं."

एका सकाळी शिडी फरशीवरून सटकली. आपांचं मनगट मोडलं, कंबरेला मार बसला. सोलापूरहून त्यांचा पुतण्या रफिकभाई आला आणि त्यांना घेऊन गेला. रफिकभाई भला माणूस. त्यानं चाचीला दवाखान्यात ठेवलं, स्वतःच्या घरात खोली दिली. पण आपांचं मन तिथं लागेना. मी सोलापूरला भेटायला गेलो तर चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात त्या खिडकीशी बसून होत्या. टीव्ही चालू होता, तो कुणी पाहत नव्हतं. मला म्हणाल्या, "समदे चांगले हायती रे. सकाळी जातेत, दिवस मावळता येतेत. मला माझ्या घरी नेऊन सोड."

रफिकभाईनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "सर, ती शिडी तिथं हाय तोवर मी चाचीला पाठवणार न्हाय. अन् शिडी नको म्हटलं तर ती माळा बंद करू देत न्हाय. तुम्हीच सांगा." बरोबरच होतं त्याचं. मी म्हणालो, "पडणार नाही अशी शिडी बसवली तर?" तो म्हणाला, "बसवा. मंग बघू."

माझ्या वर्गातल्या एका मित्राचं ढोकीला वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्या बांधायचं त्याचं काम. मी त्याला सांगितलं, शिडी माळ्याच्या तोंडाला कायमची जोडलेली हवी, खेचली की खाली यावी, नको तेव्हा वर जाऊन छताला चिकटावी, म्हणजे खालची खोली अडणार नाही. त्यानं ट्रॉलीचं मागं उघडणारं फाळकं डोळ्यापुढं ठेवून शिडी केली. दणकट बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना धरायला दांडे, रुंद पायऱ्या, आणि टोकाला फाळक्याला असते तशी खटक्याची कडी. शिडी वर गेली की कडी तुळईत बसायची, आणि खालून आकडीच्या काठीनं ओढली की सुटायची. शिडी त्यानं टेंपोतून दारात उतरवून दिली. बसवायला मात्र माणूस देईना. "कारखाना सुरू झालाय गड्या. ट्रॉल्यावाले उरावर बसलेत. तूच बसव, चार बोल्ट तर हायती."

रविवारी मी एकटाच गेलो. आपांच्या बंद घराचं कुलूप काढलं. आत उभा राहिलो तेव्हा मी सवयीनं आवाज दिला, आणि मग दार लोटून घेतलं. लोखंडी शिडी एकट्यानं उचलायची म्हणजे कठीण. कप्पीला दोर लावून मी ती इंचाइंचानं वर ओढली, दोर खांबाला बांधला, जुन्या शिडीवर चढून एक बोल्ट घातला, उतरलो, दोर थोडा सोडला, पुन्हा चढलो. दोन हात कामाला पुरत नव्हते. खालून कुणी नुसतं "थोडं डावीकडं" म्हणालं असतं तरी काम सोपं झालं असतं. सागवान जुनं, दगडासारखं झालेलं. ड्रिलचं टोक त्यात तापून निळं पडलं. दुपार झाली तेव्हा शिडी बसली. आपांना ती अलगद वर ढकलता यावी म्हणून मी कप्पीवरून दोर घेतला, एक टोक शिडीला बांधलं आणि दुसऱ्या टोकाला माळ्यावर वाळूचं पोतं टांगलं. जुनी शिडी तोडून दाराबाहेर टाकली. मग आकडीच्या काठीनं नवी शिडी खाली ओढली, पायानं दाबून धरली, तिच्यावरून तोऱ्यात वर चढलो आणि माळ्यावर पाय ठेवला.

माझं वजन शिडीवरून निघालं आणि पोतं खाली आलं. वाळू मी जास्त भरली होती. शिडी सर्रकन वर आली, माळ्याला खालून चिकटली आणि कडी खटकन बसली. माळ्याच्या चौकोनी तोंडातून खाली पाहिलं तर मधे पायऱ्यांचे गज, तुरुंगासारखे. कडी पलीकडं तुळईच्या खाली, हात पोचणार नाही तिथं. आकडीची काठी खाली भिंतीला टेकवलेली. फोनही खालीच, चार्जिंगला.

आधी मला हसू आलं. शिडी बसवणारा शिडीमुळंच अडकला, हे शाळेत सांगायला बरं होतं. मग मी खिडकीच्या गजांतून हाका मारल्या. शेजारी गिरणी चालू होती. तिची घरघर एवढी की माझा आवाज मलाच नीट ऐकू येईना. रस्त्यावरून एक मोटारसायकलवाला गेला, त्यानं गिरणीच्या पाटीकडं पाहिलं आणि पुढं गेला. मी फळ्यांवर पाय आपटले. भिंतीवर बुक्क्या मारल्या. ती निजामाच्या काळची भिंत. गळा बसला तेव्हा मी खाली बसलो. या जागी मी तीन वर्षं काढली होती, पण खालून काहीच ऐकू येत नाही असं एकदाही झालं नव्हतं. परातीचा, खोकल्याचा, पुटपुटण्याचा, कसला ना कसला आवाज असायचाच. आता गिरणीची घरघर सोडली तर या घरात मी एकटाच होतो आणि माझं ओरडणं माझ्यापाशीच संपत होतं. आपा रोज सकाळी इथंच येऊन झाडत होत्या.

उन्हं कलली आणि लाईट गेली. गिरणी घरघरत घरघरत थांबली. मी उठून ओरडलो, "मावशी!"

"कोण हाय रं वर?" रुक्मिणमावशींचा आवाज आला. "आपा तर सोलापुरात हाय!"

"मी मिलिंद, मावशी! आपांचा मिलिंद! माळ्यावरचा!"

"मास्तर? अन् तिथं काय करायलाव?"

"शिडी बसवलीय."

"मंग उतरा की शिडीवरनं."

"शिडीच वर आलीय, मावशी!"

मावशी पदर सावरत आत आल्या. वर गजांमागं माझं तोंड पाहून त्यांना हसू आवरेना. "आरं देवा, मास्तरला जेल झाली की!" त्यांनी आकडीनं कडी ओढली, शिडी खाली घेतली, मी उतरलो. त्या अजून हसत होत्या. मग एकदम थांबल्या. "लई येळ वरडत व्हतात व्हय?"

"बराच."

मावशी शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या. अंगावर पीठ, भुवया पांढऱ्या. "ती बी वरडली व्हती, मास्तर. पडली तवा. गिराईक व्हतं, गिरणी चालू व्हती. लाईट गेली तवा म्या ऐकलं. घसा पार बसला व्हता तिचा." मला कुणी हे सांगितलं नव्हतं. पडल्या, उचललं, नेलं, एवढंच आम्हाला माहीत. "तिनंच सांगू दिलं न्हाय. तशा दुखण्यात मला म्हणली, रुक्मिण, गिरणी चालू व्हती हे कुणाला सांगू नको, उगं तुला बोल लागंल."

मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो. शिडी पक्की होती. रफिकभाईची अट पुरी झाली होती. पण आपा खाली फरशीवर घसरल्या असत्या, न्हाणीत पडल्या असत्या, तरी तेच झालं असतं. मी म्हणालो, "घंटा बसवू या का?" मावशी म्हणाल्या, "गिरणीत घंटा काय ऐकू येतीया?" मग मीच म्हणालो, "दिवा बसवू. लाल. तुमच्या डोळ्यांपुढं." मावशी विचार करून म्हणाल्या, "अन् लाईट गेल्यावर?" आणि त्यांनाच उत्तर सापडलं. "लाईट गेली की गिरणी बंदच की. मंग वरडली तरी भागतंय."

पुढच्या रविवारी मी भिंतीला भोक पाडून वायर नेली. एक बटण आपांच्या पलंगाशी, एक न्हाणीत, एक माळ्यावर. कडीला दोर बांधून वर घेतला, म्हणजे वरूनही सुटेल. पोत्यातली वाळू कमी केली. आणि आपांना पत्र लिहायला बसलो. मावशींची गोष्ट लिहावी की नाही, यावर पेन अडलं. पत्र रफिकभाईची मुलगी सानिया वाचून दाखवणार, म्हणजे रफिकभाई ऐकणार. चाची किती वेळ ओरडत पडली होती हे कळल्यावर तो तिला परत पाठवील, याची खात्री नव्हती. तरी लिहिलं.

ते पत्र शेवटी देतो. त्याआधी पुढचं सांगून टाकतो. पत्रानंतर काही दिवसांनी रफिकभाई स्वतः आला. शिडी खालीवर केली, बटण दाबून पाहिलं, आणि आठवड्यानं चाचीला आणून सोडलं. आपा त्या घरात अजून काही वर्षं राहिल्या. बटणाचा उपयोग त्यांनी वेगळाच केला. चहा उकळला की दिवा लावायच्या. मावशी धावत यायच्या आणि शिव्या द्यायच्या, "आगं, माझा जीव जातोय हितं!" आपा म्हणायच्या, "आलीच हाईस तर बस. साखर घातलीय." गेल्या हिवाळ्यात एका सकाळी दिवा लागला नाही. मावशींनी वाट पाहिली, मग हातातलं दळण टाकून त्या गेल्या. आपा झोपेतच गेल्या होत्या. मावशी अजून मला म्हणतात, "चहाला रोज दाबायची की, मास्तर. त्या दिशीच न्हाय दाबलं."

आपांच्या मागं रफिकभाईनं ते पत्र मला परत दिलं. ते असं होतं:

आदरणीय आपा, सलाम.

शिडी बसली आहे. खेचली की खाली येते, उतरून ढकलली की वर जाते. दोन्ही हातांनी दांडे धरा. मनगटाला जोर द्यायची गरज पडणार नाही.

हे पत्र सानिया मोठ्यानं वाचेल, म्हणजे रफिकभाईही ऐकतील. त्यांना ऐकू द्या. शिडी बसवताना मी माळ्यावर अडकलो. मी ओरडलो ते कुणाला ऐकू आलं नाही. लाईट गेल्यावर रुक्मिणमावशी आल्या आणि तुम्ही पडलात त्या दिवशी काय झालं, ते त्यांनी सांगितलं. तुम्ही त्यांना सांगू नको म्हणाला होतात. त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यानं ते एकटीनं मनात धरवत नव्हतं.

आपा, नुसत्या शिडीच्या भरवशावर मी तुम्हाला या म्हणणार नाही. मी ईटला असतो, रविवारी येईन, पण रोज वर राहायला येऊ शकत नाही. तुम्हाला जे हवं ते माझ्याजवळ नाही, हे लिहिताना वाईट वाटतं. म्हणून गिरणीत एक लाल दिवा बसवलाय. तुम्ही घरात कुठलंही बटण दाबलं की तो लागतो. या दिव्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते तुम्ही आणि रफिकभाईंनी मिळून ठरवा. सोलापुरातच राहायचं ठरलं, तर मी तिथं येत जाईन.

दिवा मी तपासून पाहिला. गिरणी भरात चालू होती, दळणाला रांग होती. मी आत तुमच्या पलंगावर बसून बटण दाबलं. बटण मीच दाबणार आहे, हे मावशींना माहीत होतं. मीच त्यांना सांगून आलो होतो. तरी आपा, मावशी पिठानं भरलेल्या हातांनी, अनवाणी, धापा टाकत पळत आल्या.

तुमचा,
मिलिंद